खोलीत धूर नव्हता

दुपारचे बारा वाजले होते आणि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं.

"सिस्टर, बाहेर या ना जी," जैनीनं उपकेंद्राच्या पायरीवरून हाक मारली. "सूर्य कसा दिसते पाहा."

मी हात पुसत बाहेर आले. सूर्य पिकलेल्या टेंभराच्या फळासारखा तांबूस दिसत होता, आणि त्याच्याकडे बघताना डोळे दिपत नव्हते. समोरची टेकडी सकाळपर्यंत दिसत होती, आता दिसत नव्हती. पलीकडच्या हातपंपावर कोणीतरी खोकत होतं. पण तिथं कोण आहे तेही ओळखू येत नव्हतं.

वेडमटोल्यात मी नर्स म्हणून रुजू होऊन आठ महिने झाले होते. वय सव्वीस. गाव पवनीकडचं, सपाट भातशेतीचं, त्यामुळे जंगल मी एसटीच्या खिडकीतून पाहिलं होतं तेवढंच. टोला, म्हणजे वस्ती, साठ घरांचा, तिन्ही बाजूंनी टेकड्या, मध्ये परातीसारखी जागा. तीन दिवसांपासून टेकड्यांवर वणवा होता. कोणी म्हणे मोह वेचायला झाडाखालचा पाला जाळला त्यातून पेटला, कोणी म्हणे विडीच्या थोटकातून. पहिले दोन दिवस वारा होता, धूर वर निघून जायचा. तिसऱ्या दिवशी वारा पडला आणि सगळा धूर आमच्या परातीत उतरला.

जैनी उसेंडी गावची आशा कार्यकर्ती होती. पंचेचाळिशीची, बारीक अंगाची, चालायला लागली की मला पळावं लागे. मला गोंडी येत नव्हती आणि गावातल्या लोकांना मराठी कळायची ती जेमतेम. मी एक वाक्य बोलायची, जैनी ते गोंडीत सांगायची. आठ महिने माझं सगळं काम असंच चाललं होतं.

"रामसू आणि पोरं सकाळीच गेले वर," ती म्हणाली. रामसू तिचा एकुलता एक मुलगा. "पाला झाडून पट्टा काढतात म्हणे. आग टोल्याकडं उतरू नये म्हणून."

"तोंडाला काही बांधलंय का त्यांनी?"

"दुपट्टा बांधला असन. रामसू कोणाचं ऐकते?"

मी फोन घेऊन टाकीच्या चबुतऱ्यावर चढले. तिथंच काय ती रेंज यायची. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर तिसऱ्या प्रयत्नात लागले.

"सर, धूर फार आहे. गाडी पाठवा. दम्याचा एक म्हातारा आहे, दोन लहान मुलं सकाळपासून धापतायत."

"गाडी कशी पाठवू? घाटात ऐनाचं जळतं झाड रस्त्यावर आडवं पडलंय. वनविभागाचे लोक येतील, कापतील, मग रस्ता मोकळा होईल. उद्या दुपारपर्यंत तुम्हालाच सांभाळायचंय."

"काय करू, सर?"

"लोकांना घरात बसवा. दारं-खिडक्या बंद. फटीत ओले कपडे. कोणी बाहेर फिरायचं नाही. जे जास्त अशक्त आहेत ते तुमच्या खोलीत घ्या. ऑक्सिजनचं सिलिंडर आहे ना?"

"एक आहे."

"जपून वापरा," ते म्हणाले आणि फोन तुटला. नंतर तो लागलाच नाही.

आम्ही बाळंतपणाची खोली रिकामी केली. खिडकीला चादर ओली करून लावली, दाराखाली पोतं भिजवून सारलं. झुरू हलामीला दोघांनी खाटेसकट उचलून आणलं. सत्तरीचा म्हातारा, जुना दमेकरी. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती, आणि तरी मला पाहून त्यानं दोन बोटं ओठांशी नेली.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"खर्रा मागते," जैनी म्हणाली. श्वास पुरत नव्हता आणि त्याला तंबाखू हवी होती.

धापणारी दोन्ही मुलं आणि त्यांच्या आया आल्या. क्षयाचं औषध चालू असलेली एक बाई आली. खोली भरली. मग मी आणि जैनी घरोघर निघालो.

ते दोन तास मला अजून पावलापावलानं आठवतात. तोंडाला ओला रुमाल, डोळ्यांतून पाणी. प्रत्येक अंगणात तेच. मी म्हणायची, "दार बंद करा, फटीत ओलं फडकं लावा, बाहेर निघू नका." जैनी गोंडीत सांगायची. बाया मान हलवायच्या. काही घरांना दारच नव्हतं, नुसती बांबूची ताटी. तिथं आम्हीच चादरी बांधून दिल्या. लोक ऐकत होते. एरवी लसीकरणाला मला चारदा फिरावं लागे, त्या दिवशी एका सांगण्यात दारं लागत होती. खरं सांगते, त्यात मला थोडं बरंही वाटत होतं.

सगळ्यात शेवटी जैनीचं घर. तिची सून सुनकी नऊ दिवसांची बाळंतीण होती. एकोणीस वर्षांची, पहिलंच बाळ, मुलगी. बाळंतपण मीच केलं होतं, अडीच किलोला थोडं कमी भरलं होतं बाळ. त्या दोघींना उपकेंद्रात न्यावं असं माझ्या मनात होतं, पण जैनीची सासू मैनी दारात आडवी उभी राहिली. बारा दिवसांच्या आत बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. मी फार ताणलं नाही. उपकेंद्राची खोली भरली होती, तिथं खोकणारी माणसं होती, आणि जैनीच्या घराची मागची खोली टोल्यात सगळ्यात चांगली होती. हातभर जाड मातीच्या भिंती, एक छोटी खिडकी, घट्ट बसणारं सागाचं दार.

मी आत डोकावले. सुनकी खाटेवर बाळाला छातीशी घेऊन पडली होती. खाटेखाली खापरात निखारे होते, त्यावर ओवा टाकलेला. बाळंतिणीच्या शेकाची आगटी. इथं सव्वा महिना ती चोवीस तास ठेवतात. त्यावरून मैनीशी माझं आधी एकदा वाजलं होतं आणि मी हरले होते.

"दूध पिते का ग?" मी विचारलं.

"पिते जी," सुनकी लाजून म्हणाली.

"बरं. ही खिडकी पक्की बंद करा. दार लावलं की खाली ओली चादर. वाळली की पुन्हा भिजवा. धूर आत येऊ द्यायचा नाही. काही झालं तरी दार उघडायचं नाही."

जैनीनं सासूला सांगितलं. म्हातारीनं एकेक शब्द ऐकून घेतला आणि खिडकीच्या फटीत शेणमाती लिंपायला घेतली.

संध्याकाळपासून झुरूचं बिघडलं. नखं निळी पडायला लागली. वीज नव्हती, त्यामुळे वाफेचं यंत्र बंद. इंजेक्शन दिलं, मास्क लावून सिलिंडर सुरू केलं. जैनीला म्हटलं, "तू घरी जा, सून आहे." ती म्हणाली, "तिथं सासू आहे. इथं तुमच्यासंगं कोण आहे?" रात्रभर आम्ही आळीपाळीनं चादरी भिजवत राहिलो. पहाटे झुरूचा श्वास जरा लांबला, मुलं झोपली. त्या खोलीतलं कोणीही दगावलं नाही. उजाडलं तेव्हा मी भिंतीला टेकून बसले होते आणि मनात म्हणत होते, जमलं आपल्याला.

"मी सुनकीला पेज करून देऊन येतो," जैनी म्हणाली आणि गेली.

दहा मिनिटांनी तिची किंकाळी ऐकू आली.

मी धावले. धूर इतका होता की वाटेत दोनदा कुंपणाला धडकले. मैनी पडवीत त्याच दाराशी बसली होती, दाराच्या बाहेर. रात्रभर तिथंच बसून लोट्यानं चादर भिजवत होती. स्वतः धुरात. डोळे लाल झालेले, खोकून आवाज गेलेला. मला बघून ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "एक फट ठेवली नाही, बाई. एक नाही."

दार आता उघडं होतं. मी आत गेले आणि पहिल्यांदा जाणवलं ते हे, की खोलीत धूर नव्हता. हवा गरम होती, जड होती, पण डोळ्यांना झोंबत नव्हती. ओव्याचा वास येत होता. एक क्षणभर मला वाटलं, बघ, नीट केलं की होतं. मग खाटेकडं बघितलं.

सुनकीच्या तोंडाशी ओकारी होती. गाल लालबुंद, जणू उन्हातून आली आहे. जैनी तिला गदागदा हलवत होती. बाळ तिच्या कुशीत होतं. ओठ गुलाबी, आणि हलत नव्हतं.

खाटेखालच्या खापरात निखारे राखेखाली अजून धुमसत होते.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलेलं एक पान माझ्या डोळ्यांपुढे जसंच्या तसं आलं. बंद खोलीत कोळसा जळत राहिला की जो वायू होतो त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो. परीक्षेत मी ते लिहिलं होतं.

"बाहेर! दोघींना बाहेर काढ!" मी ओरडले.

"बाहेर धूर आहे ना जी! तुम्हीच सांगतलं..."

"जैनी, उचल तिला!"

मी बाळ उचललं आणि उपकेंद्राकडे पळत सुटले. पळता पळता त्याच्या तोंडात फुंकत होते. मागून जैनीनं आणि शेजारच्या दोघींनी सुनकीला खाटेवर घालून आणलं. बाळाला टेबलावर ठेवलं, छोटी फुग्याची पिशवी तोंडावर धरली आणि दाबायला लागले. सिलिंडर झुरूला लावलेलं होतं. काटा लाल पट्ट्यात होता.

मी झुरूकडे बघितलं. मला काही बोलावं लागलं नाही. म्हाताऱ्यानं स्वतःच मास्क ओढून काढला आणि नळी माझ्याकडं धरली. 

नळी बाळाच्या पिशवीला जोडली. एक, दोन, तीन, दाब. एक, दोन, तीन, दाब. जैनी सुनकीचे पाय चोळत होती आणि माझ्याकडं बघत होती. सुनकीचा श्वास चालू होता, पण घरघरत, मध्येच थांबत. सिलिंडर एक होतं. दोघींना एकदम लावता येणार नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी छातीवर कान ठेवला. पुन्हा ठेवला. मग जैनी उठून माझ्याजवळ आली.

"सिस्टर," ती हळूच म्हणाली, "हिचं झालं."

"थांब."

"हिचं झालं जी. नळी सुनकीला लावा."

मी ऐकत नव्हते. तिनं माझ्या हातातून पिशवी काढून घेतली, नळी सोडवली आणि स्वतः नेऊन सुनकीच्या मास्कला जोडली. मग नातीला उचलून, कपड्यात गुंडाळून, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली.

सिलिंडर अर्ध्या तासात संपलं. तोवर सुनकीनं डोळे उघडले होते. पहिला शब्द तिनं गोंडीत विचारला आणि तो कळायला मला जैनीची गरज लागली नाही.

डॉक्टर दुपारी एकला पोचले. झाड कापलं होतं. सुनकीला आणि झुरूला गाडीत घालताना त्यांनी मला बाजूला घेतलं.

"नवजात बालकाच्या मृत्यूचं कारण, वणव्याचा धूर. असंच लिहितो."

"सर, खोलीत धूर नव्हता. आगटी होती. मी दार बंद करायला लावलं."

 गाडीच्या टपावर राख साचली होती, त्यावर त्यांनी उगाच बोट फिरवलं.

"मी तुम्हाला फोनवर तेच सांगितलं होतं," ते म्हणाले. "आगटीचं माझ्याही डोक्यात आलं नाही. आता ते लिहून बाळ परत येणार आहे का? तुम्ही अजून तीस वर्षं नोकरी करणार आहात, सिस्टर."

ते गेले. कागदावर धूर राहिला. 

रामसू टेकडीवरून उतरला तो दुपारी दोनला. तळपाय भाजलेले, भुवया जळालेल्या. त्यांनी पट्टा काढला होता, आग टोल्याकडं उतरली नव्हती. साठ घरं वाचवून तो आला आणि अंगणात त्याच्या हातात ते गाठोडं दिलं गेलं. त्यानं त्याच पायांनी चालत जाऊन मुलीला पुरलं.

पाचच्या सुमाराला सगळे गोटुलासमोर जमले. गोटुल म्हणजे गावानं एकत्र बसायची जागा. वारा अजून पडलेलाच होता आणि उन्हं कलल्यावर धूर पुन्हा खाली दाटायला लागला होता. मी कडेला उभी होते. लोक काय बोलतायत ते जैनी मला हलक्या आवाजात सांगत होती. तिचा आवाज सपाट होता.

"म्हणतात, धूर कोठून तरी घुसला. म्हणतात, आज आणखी पक्कं बंद करा. भिंतीची भोकंही लिंपा."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. कोसीचा नवराही म्हणते."

कोसी. खालच्या टोल्यातली, वीस दिवसांची बाळंतीण. तिच्याही खाटेखाली आगटी होती. आणि बाकीच्या पन्नास घरांत आत चुली होत्या, आज रात्री त्या बंद दारांआड पेटणार होत्या. काल राहून गेलेल्या फटींनीच त्यांना वाचवलं असावं.

 मला नोकरीची भीती वाटत होती हे खोटं नाही. पण त्याहून जास्त भीती वाटत होती ती मैनीची. ती समोरच बसली होती, हातात अजून तो लोटा होता.

"जैनी," मी म्हटलं, "मला बोलायचंय. मी म्हणेन ते शब्दाशब्दानं सांग."

तिनं माझ्याकडं बघितलं. मान हलवली.

"बाळ धुरानं गेलं नाही," मी मोठ्यानं म्हटलं.

जैनीनं सांगितलं. 

"बंद खोलीत निखारे जळत राहिले तर त्याचा विषारी वायू होतो. दिसत नाही, वास येत नाही. त्यानं बाळ गेलं."

जैनीनं सांगितलं. ओळीनं, न थांबता.

"दार बंद करायला मी सांगितलं. आगटी मला दिसली होती. ती बाहेर काढा असं मी सांगितलं नाही. चूक माझी आहे. मैनीआयची नाही, सुनकीची नाही. माझी."

जैनी सासूकडं बघत होती.

"सांग ना," मी म्हटलं.

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग बोलली. माझ्या बोलण्यापेक्षा ते थोडं लांब होतं, पण गोंडीत कधी कधी तसं होतं. ती बोलत असताना मैनीनं मान वर केली. माझ्याकडं नाही, जैनीकडं बघितलं. रामसूनंही आईकडंच बघितलं. मला वाटलं, माझ्याकडं बघणं त्यांना जमत नाहीये. म्हातारी उठली, लोटा तिथंच मातीत टाकला आणि चालती झाली.

"आता सांग," मी कशीबशी म्हणाले, "आज दार बंद करायचं, पण आत काहीही जळता कामा नये. आगटी नाही, चूल नाही, धुपाटणंही नाही. स्वयंपाक आत्ता उजेडी, बाहेर. आगटीवर पाणी ओतायचं. मी प्रत्येक घरी येऊन बघणार आहे."

एकानंही वाद घातला नाही. कोसीच्या घरी आम्ही पोचलो तर तिच्या नवऱ्यानं आगटी आधीच अंगणात आणून विझवली होती. धूर आणखी चार दिवस होता. मग वारा सुटला. त्या चार दिवसांत टोल्यात एकही माणूस गेलं नाही.

नोकरीला काही झालं नाही. मी स्वतः लेखी कळवलं, त्याचं उत्तर आलं नाही. दोन वर्षांनी माझी बदली झाली. त्या दोन वर्षांत जैनी माझ्याबरोबर रोज फिरली, पण हसणं बंद झालं होतं. रामसू सुनकीला घेऊन वरच्या टोल्यात वेगळा राहायला गेला. मैनी मरेपर्यंत जैनीशी बोलली नाही असं मी ऐकलं. दुःखानं घर मोडतं, मी समजत होते. आणि त्या घरानं मला मात्र कधी एक शब्द वाकडा बोलून दाखवला नाही, याचं ओझं मी मनात घेऊन फिरत होते.

नऊ वर्षांनी मी पर्यवेक्षिका होऊन त्याच भागात परत आले. मधल्या काळात दुसऱ्या उपकेंद्रावर गोंडी शिकले होते. कामापुरती नाही, चांगली. चैत्रात एकदा वेडमटोल्याला गेले तर सुनकी बाळंत झालेली. तिसरी खेप. वरच्या टोल्यात तिच्या घरी गेले. खाटेखाली बघितलं. स्वच्छ सारवलेली जमीन, काही नाही.

"आगटी नाही ठेवली?" मी गोंडीत विचारलं.

"नाही," ती गोंडीतच म्हणाली. "तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं ना, आगटी बाहेर काढा म्हणून. सासू सांगायला विसरली. मी नाही विसरत."

"कोण विसरलं?"

"सासू. तिनंच सांगितलं होतं की सगळ्या गावासमोर. म्हणाली, सिस्टरनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या, दार बंद करा आणि आगटी काढा. मी घाईत एकच सांगितली. चूक सिस्टरची नाही, माझी आहे. म्हणून तर हे घर वेगळं झालं."

मी तिथून उठले ती थेट जैनीच्या घरी गेले. ती अंगणात एकटी बसून मोह निवडत होती. केस पांढरे झाले होते. मी समोर जमिनीवर बसले.

"मी काय बोलले होते त्या दिवशी आणि तू काय सांगितलंस?"

तिला विचारावं लागलं नाही कोणत्या दिवशी ते. ती मोह निवडत राहिली.

"तुम्ही 'मी' म्हणालात. मीही 'मी' म्हणाली."

"का ग? का केलंस असं?"

"त्या दिवशी धूर गेला होता का?" ती म्हणाली. "रात्र समोर होती. नर्सबाई चुकली असं ऐकलं असतं तर आगटी कोणी काढली असती? म्हणले असते, काल बंद करा म्हणे, आज विझवा म्हणे, हिला काही कळत नाही. कोसीचं लेकरू बारावीला जाईन आता काही वर्षांनी." तिनं एक मोह बाजूला टाकला. "आणि मी खोटं कुठं बोलली? माझ्या घरची आगटी. मलाही दिसत होती."

"मग नंतर तरी सांगायचंस. मैनीआयला, रामसूला..."

"नंतर सांगून का झालं असतं? एक मानूस खोटं बोललं, एवढंच कळलं असतं."

मला रडूही येईना. मी उठले.

"कोठं चालल्या जी?"

"वर. रामसूकडं."

"नका जाऊ," ती म्हणाली. पण उठून आडवी आली नाही.

रामसू घरामागे बांबू फाडत होता. मी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली. गोंडीत, मध्ये कोणी नव्हतं. आगटी मला दिसली होती. मी सांगितलं नाही. तुझ्या आईला मी सांगितलंच नव्हतं, तर ती विसरेल कशी. त्या दिवशी गोटुलासमोर मी माझं नाव घेतलं आणि तिनं ते बदललं.

तो ऐकत होता. कोयता हातातच होता.

"तुम्हाला गोंडी कधीपासून येते?" त्यानं विचारलं.

"पाच-सहा वर्षं झाली."

"आणि आज आलात."

 सुनकी बाळाला घेऊन दारात आली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. रामसूनं कोयता बांबूत रोवला. रांजणातलं पाणी घेऊन हातपाय धुतले, बराच वेळ धुतले. त्याच्या तळपायांवरचे जुने डाग तेव्हा मला दिसले.

"आई जेवली असेल का?" त्यानं सुनकीला विचारलं.

"एकटी असली की सांजेला जेवत नाही म्हणतात," सुनकी म्हणाली.

त्यानं दोरीवरचा सदरा काढून अंगात घातला आणि माझ्याकडं न बघता खालच्या वाटेला लागला.